हळद लावलेले टायर

चांदूर बाजारच्या सहदेवजींचा संत्र्यांचा व्यापार होता, त्यामुळे त्यांच्या घरात टायरांवरचे बोलणे भाजी-भाकरीइतके रोजचे होते. माल भरून ट्रक निघायचा झाला, की सहदेवजी हातात लोखंडी पाना घेऊन प्रत्येक टायरवर एक ठोका मारत. ठण्ण आवाज आला तर गाडी जाऊ द्यायची, थप्प आला तर आणखी हवा. वजनाच्या गाडीला हवा कडक हवी, हे सूत्र त्यांनी आयुष्यभर पाळले होते.

त्यांची सून करिश्मा अकोल्याची. तिच्या माहेरी फुलांचा धंदा. लग्नाआधी बार्शीटाकळीकडच्या मळ्यांतून शेवंती, निशिगंध व्हॅनमध्ये भरून अकोल्याच्या बाजारात पोचवण्याचे काम तिच्याकडे होते. त्या व्हॅनच्या टायरांत हवा मुद्दाम थोडी कमी ठेवत. खड्ड्याचा दणका टायरने खावा, फुलांपर्यंत जाऊ देऊ नये, असे तिचे वडील सांगत. बाजार गाठायची घाई तर असायचीच, पण वळणावर टोपली सरकता कामा नये. करिश्मा गाडी चालवायला शिकली ती अशी.

या दोन घरांच्या मध्ये एक लाल स्पोर्ट्‌स कार येऊन उभी राहिली. बुटकी, दोनच सीटची, जुनी. करिश्माच्या नवऱ्याने, सागरने, ती हौसेने घेतली आणि थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आले की आपल्यापेक्षा बायको ही गाडी फार चांगली चालवते. त्याने ते मान्यही केले. सहदेवजींना मात्र ती गाडी डोळ्यांसमोर नको असे.

"संत्र्याचं एक क्रेट बसत नाही इच्यात," ते म्हणत. "मंग इले गाडी काहून म्हणाव?"

जानेवारीत चिखलदऱ्याच्या घाटात चढाईची स्पर्धा ठरली. रस्ता बंद करून एकेक गाडी सोडायची आणि कमीत कमी वेळात जी वर पोचेल ती पहिली. करिश्माने नाव दिले. त्या दिवशी जेवता जेवता सहदेवजींनी सौदा मांडला.

"पहिल्या तिघांत आली त गाडी राहीन, मी एक शब्द नाही काढणार. नाही आली त इकून टाकू अन् पिकअप घेऊ. मंजूर?"

सागर तोंड उघडणार तोच करिश्मा सासऱ्यांना म्हणाली, "मंजूर, मामाजी."

गाडी तिला फार हवी होती. त्या भरल्या घरात जिच्यात बसले की कोणी हाक मारत नाही, अशी ती एकच जागा होती. हे तिने कोणाला सांगितले नव्हते आणि सांगता आलेही नसते.

गाडीला टायरांचे दोन संच होते. एक मऊ रबराचा, जवळजवळ गुळगुळीत. तापला की डांबराला चिकटून बसणारा. दुसरा साधा, खाचांचा. माहेरी गेल्यावर अकोल्याच्या रस्त्यावर दुपारच्या उन्हात करिश्मा आणि सागरने मऊ टायर लावून पाहिले, तेव्हा गाडी जणू रुळावरून धावली. "डोये मिटून हेच लावायचे," सागर म्हणाला. करिश्मा म्हणाली, "चिखलदऱ्याले अकोल्याचं ऊन कुठून आणशील?" शेवटी दोन्ही संच न्यायचे ठरले.

सहदेवजींचा एक ट्रक टायर, जॅक, भाकरी-ठेचा आणि शेजारपाजारची मंडळी घेऊन घाटाच्या पायथ्याशी पोचला, तेव्हा चांगलेच धुके होते. झाडांखालचा रस्ता ओला होता. करिश्माने खाचांचे टायर लावले आणि त्यांत हवा ठेवली मीटरवर बावीस.

"कमी नाही होत?" सागरने विचारले.

"रस्ता थंडा आहे. टायर जरासा पसरला त पकड येईन."

ही माहेरची सवय बोलत होती, पण त्या वेळी तिला ते कळले नाही.

सासूबाईंनी, शकुनबाईंनी, नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली आणि प्रत्येक टायरच्या बाजूवर, रस्त्याला टेकणाऱ्या काठापर्यंत, ओल्या हळदीची रुंद रेघ ओढून वर कुंकू लावले. नव्या ट्रकचे करतात तसेच सगळे केले.

सरावाची फेरी बरी गेली नाही. स्टिअरिंग वळवले की गाडी आधी डोले, मग वळे आणि तोवर तिचे नाक वळणाबाहेर गेलेले असे. खाली आल्यावर करिश्माने वाकून पाहिले. बाहेरच्या अंगाची हळद काठापासून बोटभर आतपर्यंत घासून गेली होती. म्हणजे वळणात टायर लवंडत होता आणि गाडी टायरच्या बाजूवर चालत होती. फुलांच्या व्हॅनची हवा इथे उपयोगाची नव्हती. थोडी वाढवायला हवी, असे मनाशी ठरवून ती आयोजकांच्या सूचना ऐकायला गेली.

तीच पुसलेली हळद सहदेवजींनीही पाहिली. टायर बसतो आहे हे ओळखायला त्यांना कोणाची गरज नव्हती. त्यांनी ट्रक जवळ आणवला, त्याच्या हवेच्या टाकीला नळी जोडली आणि चारही टायर स्वतःच्या हाताने भरले. पाना मारून पाहिला. ठण्ण. शकुनबाईंनी पुसलेली हळद पुन्हा लावली.

करिश्मा परतली तेव्हा गाडी उंच झाल्यासारखी दिसत होती. तिने मीटर लावून पाहिला. पंचेचाळीस.

"मामाजी, हवा तुमी भरली?"

"हाव! टायर पार बसून राह्यलं होतं. पाहून नाही राह्यली का हळद? आता पाय, कशी पयते त."

इतक्या हवेवर टायर फुगून त्याची मधली पट्टीच रस्त्याला टेकली असती आणि गाडी खड्याखड्यावर उडाली असती. क्षणभर करिश्माच्या मनात आले, यांनी मुद्दाम तर नाही केले? सौदा त्यांचाच होता. तिने त्यांच्याकडे पाहिले. पांढऱ्या पायजम्याच्या गुडघ्यावर मातीचा डाग होता, तळहात काळे झाले होते आणि चेहऱ्यावर ट्रक मार्गी लावल्याचे समाधान होते. नाही, मुद्दाम नव्हते. मुद्दाम असते तर बरे झाले असते. रागाच्या भरात हवा सोडणे सोपे गेले असते.

शेजारची मंडळी भाकरीचा घास हातात धरून बघत होती. सासऱ्याने भरलेली हवा सुनेने चारचौघांत सोडायची, हे पाहायला कोण आले नसते?

"मी सोडतो," सागर हळूच म्हणाला. "मलेच बोलतीन, बोलू दे."

"चालवणार मी, त सोडणार मी." ती गुडघ्यावर बसली. "मामाजी, तुमी पाह्यलं ते बरोबर होतं. हवा कमीच होती, चुकी माही होती. पण हे जास्त झाली."

"जास्त? ट्रकच्या हिशेबानं मी अर्धीबी नाही टाकली!"

तिने व्हॉल्व्ह दाबला. फुस्स आवाज बराच वेळ चालला. ती सोडत होती, मीटर लावत होती, पुन्हा सोडत होती. सत्तावीसवर थांबली.

"काय सहदेवजी," मागून कोणीतरी म्हणाले, "सुनेनं त तुमची हवा काढली नं बा!"

सगळे हसले. सहदेवजींनी पाना उचलला आणि ट्रकच्या केबिनमध्ये बसून काच वर केली.

तिची पाळी येईपर्यंत धुके फाटले आणि ऊन पडले. बऱ्याच जणांनी धावाधाव करून मऊ टायर चढवले. सागरनेही जॅक काढला. "बदलू ना. रस्ता सुकून राह्यला."

"झाडाखालचं वळण नाही सुकलं. तिथं मऊ टायर घसरतीन."

"एका वळणासाठी?"

तिने वर झाडांकडे पाहिले. मग म्हणाली, "राहू दे हेच."

या फेरीत गाडी तिच्या हाताबरोबर वळली. झाडाखालच्या ओल्या वळणात ती इतरांपेक्षा निश्चिंत गेली आणि बाकी सगळ्या कोरड्या रस्त्यावर थोडी थोडी मागे पडली. निकाल लागला तेव्हा तिचा नंबर चौथा होता. तिसरा आलेला अमरावतीचा मुलगा मऊ टायर लावून गेला होता. त्या वळणात तो घसरला, कसाबसा सावरला आणि तरीही पुढे राहिला.

सहदेवजी तोवर खाली उतरले होते. सागर त्यांच्यावर घसरला. "बाबा, तुमी टायरले हात लावला नसता त आज..."

"नाही," करिश्मा म्हणाली. "इकडे पाय." तिने टायरकडे बोट केले. हळद काठापर्यंतच पुसली होती, त्याच्या आत तिला धक्काही लागला नव्हता. "हवा बरोबर होती. टायर निवडले मी. तू बदलू म्हणत होता, मी नाही म्हटलं. त्याच्यात मामाजी कुठी आले?"

सहदेवजी टायरकडे बघत राहिले. "मंग सौदा?" त्यांनी विचारले. आवाज चढवून नव्हे, व्यापारात विचारतात तसे.

"इका," करिश्मा म्हणाली.

घरी जाताना सासऱ्या-सुनेत बोलणे झाले नाही. पुढेही काही दिवस ते कामापुरतेच राहिले.

गिऱ्हाईक अकोल्याचे मिळाले. ओमप्रकाश नावाचे कापडाचे व्यापारी. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, काचेवरून हात फिरवला आणि बुटाचे टोक टायरवर आपटले.

"हवा कमी वाटते, सहदेवजी. तुमच्या ट्रकवरून भरून द्या ना."

करिश्मा ओसरीवर उभी होती. सहदेवजींनी तिच्याकडे पाहिले नाही.

"हात नका लावू," ते म्हणाले. "तितकीच लागते इले. आमच्या सुनेनं ठरवली आहे."

ओमप्रकाश जरा गोंधळले. मग त्यांनी करिश्मालाच विचारले, अकोल्याच्या उन्हात किती ठेवायची? ती पायऱ्या उतरून आली आणि सांगू लागली: सकाळी, गाडी सावलीत असताना पाहायची, चाललेल्या गाडीची पाहायची नाही, तापलेला टायर जास्त दाखवतो. तिचे सांगणे लांबत गेले. सहदेवजी किल्ली हातात घेऊन बाजूला उभे होते. त्यांनी घाई केली नाही.