एकतीस ते चाळीस

साठ बायका, साठ आकडे. तासाला कोण किती खोके बांधते ते मुकादमाने हाताला लागेल त्या चिठोऱ्यांवर खरडून माझ्या टेबलावर ओतलं होतं. वर साहेबांचा हुकूम: वर्ग पाडून तक्ता करा, सगळ्यात खालच्या वर्गातल्या बायका पहिल्या तारखेपासून घरी.

सगळ्यात लहान आकडा एकतीस, मोठा अडुसष्ट. मी वर्ग पाडले, तीस ते चाळीस, चाळीस ते पन्नास, असे. एकेका आकड्याला एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी त्यांच्यावर आडवी. बेरीज आली एकोणसाठ. कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डोळ्यांची नुसती आग आग होत होती.

राहिलेला आकडा निघाला चाळीस, तोही माझ्या वहिनीचा. दादा गेल्यापासून आम्हा दोघींच्या पगारावर घर चालतं. पण माझ्या पद्धतीत वरच्या टोकाचा आकडा पुढच्या वर्गात जातो. म्हणजे वहिनी वाचली! मी रेघ ओढली आणि तक्ता साहेबांपुढे ठेवला.

"चाळीस दोनदा कसा दिसतो? एकतीस ते चाळीस, एक्केचाळीस ते पन्नास, असं करा."

"साहेब, दोन्ही पद्धती चालतात."

"मग माझी चालू द्या."

झालं! खाली सात होत्या, त्या आठ झाल्या. चिठोऱ्यावरच्या शून्याला नुसतं शेपूट ओढलं असतं तरी ४० चे ४१ झाले असते. कोणाला पत्ता लागला असता? पण मी मेली भित्री. पेन टेकवलं आणि उचललं.

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. चपला न काढताच मी सगळं सांगून टाकलं, शेपटासकट.

तिने हातातली घडी पुरी केली. "ताई, एक्केचाळिसावा खोका झाला होता हो माझा. पट्टी वाकडी लागली, म्हणून मीच मुकादमांना म्हटलं, हा नका धरू."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डोळे किती लाल झालेत तुमचे! पडा जरा."

मला रडूच फुटलं, आणि तीच बिचारी माझी समजूत काढत बसली.