कुंपणाला बळ

धाकट्या जावेच्या दुखण्याचं निदान झालं तेव्हा तिच्यासोबत मी गेले होते, माझ्या बाळाला कडेवर घेऊन. दीर कामात अडकले होते. दवाखाना म्हटलं की ते अडकतातच. आम्ही घरच्याच पुढच्या खोलीत पडदे शिवतो. धाकटी मशीनवर, माझ्याकडे मापं आणि इस्त्री, गिऱ्हाइकं सासूबाईंकडे.

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सांगितलं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर रुजतं, अंडाशयाला, आतड्याला चिकटतं. असं भलत्या जागी आलेलं उचलून टाकायचं काम शरीरातल्या रक्षक पेशींचं. त्या तिथे गोळाही होतात, पण टाकत नाहीत. सूज वाढवतात, वर त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटायला हातभार लावतात. असं का, ते अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही.

“म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं,” धाकटी म्हणाली.

“खाल्लं नाही, तण पोसलं,” डॉक्टरीणबाई हसल्या.

शस्त्रक्रियेला पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. तोवर दुखेल तेव्हा गोळी आणि शेक. जिना उतरताना धाकटी चक्क शीळ घालत होती. लग्न होऊन आल्यापासून तिला सगळे नाजूक म्हणत आले होते. आता दुखण्याला नाव होतं, आणि तारीखही.

घरी मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं, धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला.

“कुंपण कच्चं आहे ना पोरी? मग आधी कुंपण मजबूत करू.”

कच्चं नाही, उलट नको तिथे नको तेवढं पेटलंय, असं मी समजावून पाहिलं. डॉक्टर लोक गोल गोल बोलतात, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रतिकारशक्ती वाढवणं सुरू झालं. पहाटे गार पाण्याने अंघोळ. मग कडू काढा, त्यावर जाहिरातीतलं टॉनिक. औषधाने शक्ती मरते म्हणून दुखायच्या गोळ्या सासूबाईंच्या कपाटात गेल्या, मागोमाग शेकायची पिशवी. दीर काढा स्वतःच्या हाताने द्यायचे, पेला रिकामा होईतो समोर उभे राहायचे. मावससासू रोज फोनवर नवा उपाय सांगायच्या. या घरात इतकं प्रेम मी आजवर पाहिलं नव्हतं.

सासूबाईंची एकच अट होती, कण्हायचं नाही. कण्हलं की अंगातली ताकद जाते, आणि बाळ दचकून उठतं. बाळाचं मात्र खरं होतं. ते धाकटीच्या मशीनच्या आवाजावर झोपायचं, मशीन थांबलं की डोळे उघडायचं.

पाळी आली तेव्हा ती जाड पडद्यांची मोठी ऑर्डर शिवत होती. चेहरा पांढराफटक, ओठावर घामाचे थेंब, पण मशीन चालू. मी कपाटाची किल्ली मागितली, तर तिचं ती सोसतेय, तुला कशाला पुळका, म्हणून सासूबाईंनी मला गप्प बसवलं.

तिने हूं की चूं केलं नाही. पाळी सरली तसा सासूबाईंनी दवाखान्यात फोन केला. गुण आलाय, आता कापाकापी नको. तारीख दुसऱ्या कुणाला गेली. दीरांनी मिठाई आणली. धाकटीने आपला तुकडा हातात नुसता धरून ठेवला.

आठवड्याभरात गिऱ्हाईक पडदे घेऊन परत आलं. खालची दुमड जागोजागी चावून विरली होती. उंदीर झालेत तुमच्याकडे, असं सुनावून गेलं.

मी पडदा खिडकीशी नेला. उंदीर कुरतडतो, धागे कातरतो. इथे कापड चेपलं होतं, कमानीसारख्या खुणा रुतल्या होत्या. दात येताना माझं बाळ माझ्या खांद्यावर उठवतं तशाच, फक्त मोठ्या. पुढच्या दोन दातांमध्ये फट. धाकटी हसते तेव्हा दिसते, तीच.

मी पडदा सासूबाईंच्या मांडीवर पसरला.

“आई, हे दात बघा. तिची तारीख परत मागून घ्या.”

त्यांनी चष्मा लावला. त्यांचं बोट खुणांवरून फिरलं, फटीपाशी थांबलं. त्यांनी मान वर करून धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मशीन थांबवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिली. पाळण्यात बाळ चुळबुळलं.

“उंदीरच,” सासूबाई म्हणाल्या, आणि पडद्याची घडी घातली.

संध्याकाळी दीरांनी पिंजरा आणला. आत पावाचा तुकडा अडकवून तो धाकटीच्या मशीनखाली ठेवला, कारण चावलेलं सगळं तिथलंच. एव्हाना बाळाने भोकाड पसरलं होतं. धाकटीने पिंजरा पायाने जरासा सरकवला, पावलापुरती जागा केली, आणि पेडल दाबलं.