देवघरामागची न्हाणी

घरात अकरा माणसं आणि चार न्हाण्या. दसऱ्याआधी अकोल्याहून देवीदास फिटर सोलर बसवायला मूर्तिजापूरला आला, तेव्हा गच्ची पाहायला वर गेलाच नाही. ओसरीवर बसून त्यानं वही काढली आणि एकेकाला विचारत सुटला, आंघोळ कवा करता, बादल्या किती लागतात. सुना एकमेकींकडे पाहून हसत होत्या.

"आमच्या ह्यांच्या आंघोळीले टँकर लिहा, भाऊ," धाकटी रागिणी म्हणाली.

"लिहितो. पर पाइप लांबला तं टँकरही थंडच येईन. सोलरचा सारा खेळ पाइपात हाय. गरम पाणी जितकं कमी चालन तितकं बरं. अन् विहिरीचं खारं पाणी त्यात घालाचं नाई, नळ्या चुन्यानं भरून जातात. नळाचंच पाणी पायजे."

नळ दर पाचव्या दिवशी यायचा. घरधनी खुशालराव म्हणाले, "साठवू. खालची टाकी मोठी हाय."

मग देवीदासनं नकाशा काढला. तीनशे लिटरची सोलर टाकी गच्चीच्या दक्षिण अंगाला. तीन न्हाण्या तिच्या खालीच होत्या. चौथी मागची, माणिकबाईंची. खुशालरावांची ही थोरली बहीण नवरा गेल्यावर तिवशाहून माहेरी आली, त्याला बावीस वर्षं झाली होती. तिच्या न्हाणीला सरळ वाट एकच, देवघराच्या भिंतीतून आरपार. बारा फूट.

खुशालरावांची बायको मनकर्णा चहा घेऊन आली होती. पहाटे साडेचारला तिची आंघोळ, मग तुळस, मग जप. नेम झाल्याशिवाय घोटभर पाणी नाही. आवाज इतका मऊ, की तो ऐकायला माणसं आपलं बोलणं थांबवत. नकाशावर नजर टाकून ती म्हणाली, "देवघराच्या भिंतीतून न्हाणीचं पाणी नोको. देवाले चालत नाई."

ती भांडली असती तर कोणी उत्तर तरी दिलं असतं. ती भांडत नसे, म्हणून घरात तिचंच चाले.

"मंग गच्चीले फेरा घालून न्या लागते, काकू. ऐंशी फूट होते. आत्याबाईच्या नळाले पयले बादलीभर थंड येईन, मंग गरम."

"येऊ द्या. बादलीभर पाण्यानं काय होते?"

माणिकबाई पलीकडे गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

खरी गोष्ट मनकर्णेलाच ठाऊक होती. मागच्या चैत्रात तिनं देवांच्या मागं पांढरा संगमरवर बसवून घेतला होता. अख्खा एकच दगड, कडेनं कोरलेली वेल. गल्लीतल्या बायका पाहायला आल्या होत्या. पाइप त्याच दगडातून गेला असता. ओसरीवर नाही म्हणताना तिच्या डोळ्यांपुढं देव नव्हता, दगडाला पडलेलं भोक होतं. पण तोंडातून देवाचंच नाव निघालं, आणि इतकं सहज निघालं की संध्याकाळपर्यंत तिचाही त्यावर विश्वास बसला.

पौषात देवीदास पुन्हा आला. काम नीट चाललंय का ते पाहायला त्यानं तापमापक आणला होता. मनकर्णेच्या न्हाणीत पहिल्याच तांब्याला वाफ. "राजेशाही हाय तुमचं, काकू," तो म्हणाला. मागच्या न्हाणीत मात्र तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग त्यानं हाक मारली.

गरम पाण्याच्या नळावर कारखान्याची प्लास्टिकची पिशवी तशीच होती. तिला मारलेली चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

"आत्याबाई, हा उघडलाच नाई का जी?"

माणिकबाई दाराशी आल्या. दोन आठवड्यांपासून त्यांचा खोकला हटत नव्हता. मनकर्णा रोज तुळशीचा काढा करून देत होती, आणि रोज त्यांच्या हातात पेला देताना ती बोटं गार लागत होती. म्हातारपण, असं ती स्वतःला सांगत होती.

"मले थंडच सोसते," माणिकबाई म्हणाल्या. "पाचव्या दिवशी नळ येते. बादलीभर सांडाचं कोणासाठी?"

खुशालराव चिडले. "बाई, आमाले सांगाचं तं खरी."

"सोपं हाय," देवीदास म्हणाला. "इथं भिंतीवर एक बारका गीझर ठोकून देतो. उद्यापासून सुरू."

मनकर्णेच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. गीझर. कोणाला काही सांगायला नको, दगडही शाबूत. ती म्हणणारच होती, लावून टाका भाऊ, पैशाचं पाहू नका.

"गीझर कायले?" माणिकबाई म्हणाल्या. त्या भावाशी बोलत होत्या, मनकर्णेशी नाही. "ते मले तवाच समजलं होतं. रांडमुंड बाईच्या न्हाणीचं पाणी देवाच्या भिंतीतून कसं जाईन? मनकर्णा नेमाची बाई. तिनं तोंडानं म्हटलं नाई, हेच तिचं चांगलं. गरम पाण्यानं माह्यं कोणतं पुण्य वाढणार हाय?"

देवीदासनं तापमापक खिशात घातला.

मनकर्णेला वाटलं, आता गप्प राहिलं तर हे असंच खरं होऊन बसेल. गीझर लागेल, पाणी गरम येईल, आणि ही बाई मरेपर्यंत समजत राहील की देवाला ती चालत नाही.

"बाई, तसं नोहोतं." आवाज नेहमीपेक्षाही बारीक निघाला. "देवाचं काई नोहोतं. संगमरवराले भोक पडलं असतं म्हणून मी तसं म्हटलं."

"काय म्हणते?"

तिला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. अंगणात धान्य निवडणाऱ्या सुनांनीही ऐकलं. दुसऱ्यांदा म्हणताना तिचे कान जळत होते.

माणिकबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. "मंग तसं सांगाचं. माह्यी फरशी खराब होते म्हणाचं. मी काय मारलं असतं तुले?"

"नाई जी."

"देवाले कावून मधात घेतलं?"

खुशालराव खाली पाहत होते. बायकोबद्दल चारचौघांत अभिमानानं बोलणारा तो माणूस जमिनीवर काहीतरी शोधल्यासारखं करत होता.

"तं काकू," देवीदासनं हळूच विचारलं, "गीझर ठोकू का भोक पाडू?"

"भोक पाडा."

देव तिनं स्वतः ताम्हनात घालून स्वयंपाकघरात नेले. मशीन चाललं तेव्हा ती तिथंच बसून होती. भोक वेलीच्या मधोमध पडलं, एक पान अर्धं गेलं. दुपारी तिनं पांढरी भुकटी पुसली, देव परत मांडले आणि माळ हातात घेतली. मणी सरकत होते. नाव घ्यायला तोंड उघडेना. तेच नाव तिनं ओसरीवर, चहाचा ट्रे हातात धरून, फरशीसाठी खर्ची घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या न्हाणीतून पाण्याचा आवाज आला, बराच वेळ. मनकर्णा आरती करत होती. ओल्या केसांनी माणिकबाई आल्या आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. तेव्हा कुठं मनकर्णेच्या ध्यानात आलं, दसऱ्यापासून त्या तिथूनच हात जोडत होत्या. आधी आत येऊन पाटावर बसायच्या. तीन महिने रोज समोर होतं आणि तिला दिसलं नव्हतं.

"आत या ना, बाई."

"राहू दे. सवय झाली आता. इथूनबी दिसते."

मनकर्णा आरतीचं ताट उंबऱ्याबाहेर घेऊन गेली. माणिकबाईंनी ज्योतीवर हात धरले, डोळ्यांना लावले. मनकर्णेला मात्र मान वर करता आली नाही. तिला फक्त ते हात दिसत होते, काढ्याचा पेला घेताना रोज गार लागणारे.