कमरेचा कसा

पिस्तूल दिनकररावांच्या कमरेतून निसटलं, धोतराच्या आतून पोटरीवर घसरलं आणि कमलबाईच्या सुपापुढे येऊन आदळलं. सुपातली तूर सांडली. अंगणात पळत असलेले दिनकरराव जागच्या जागी थांबले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, वर धोतर, त्यावर स्वेटर, कानाला मफलर.

“भरलेलं हाय का?” कमलबाईने विचारलं.

“मग काय रिकामं नेऊ?”

तिने पिस्तुलाला हात लावला नाही. सांडलेली तूर मात्र वेचून परत सुपात घेतली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि अशा वेळी हाताला काम असलेलं बरं, एवढं तिला या संसाराने शिकवलं होतं.

परभणीच्या डॉक्टरने साखर वाढली म्हणून दिनकररावांना रोज सकाळी पळायला सांगितलं होतं. पळणं होत नसेल तर झपझप चाला, पण घाम निघाला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पिस्तुलाशिवाय पालमच्या सडकेला पाऊल टाकायचं नाही, हे पथ्य मात्र दिनकररावांनी स्वतःच लावून घेतलेलं. शिवाय ते कुणाला दिसायलाही नको होतं. विद्यापीठाच्या नावाची बोलणी पुन्हा सुरू झाली होती, पोलिसांच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या, आणि उघडं पिस्तूल घेऊन सडकेने पळणाऱ्या माणसाचा परवाना फौजदाराने त्याच दिवशी काढून घेतला असता.

म्हणून महिनाभर नुसती निवड चालली होती. नांदेडहून आणलेलं पिस्तुलाचं चामडी पाकीट पट्ट्याला लावलं तर पावलागणिक मांडीवर आपटे. संध्याकाळी कमलबाईने तिथे तेल चोळायचं. दुसरं काखेत बांधायचं होतं. त्याने घामात कातडी सोलवटली. तिसरं पोटरीला बांधून बघितलं. ते वाकल्याशिवाय निघेना, आणि दिनकरराव एकदा वाकले की परत उभं राहायला त्यांना भिंत लागायची. शेवटी नुसतंच धोतरात खोचलं, ते आज तुरीत पडलं.

“तूच शिव कायतरी,” दिनकरराव म्हणाले. “अंगाला चिकटून ऱ्हायलं पायजे. दिसू नये. अन वेळंला झटक्यात हातात आलं पायजे.”

“कोनावर काढायचंय?”

त्यांनी सडकेकडे हनुवटी केली. नाव सांगायची गरज नव्हती. सडकेला रोज त्यांच्या मागून पावलं वाजत. बौद्धवाड्यातल्या कडूबाईचा चंद्रभान त्याच वेळेला पळायला येई, मागून जवळ येई, पुढे निघून जाई आणि फाट्यावरून परत समोरून येई. तोंडातून शब्द नाही, रामराम नाही. दिनकररावांच्या मते ते पोरगं पाळत ठेवून होतं.

खाई त्याला खवखवे. विद्यापीठाच्या नावावरून पहिल्यांदा मराठवाडा पेटला, त्या साली या गावचा बौद्धवाडाही जळला होता. चंद्रभानचा बाप वैजीनाथ दावणीची शेळी सोडवायला आत गेला आणि वरून छप्पर आलं. दिनकरराव उजाडता उजाडता घरी आले तेव्हा त्यांच्या धोतराला रॉकेलचा वास होता. ते धोतर कमलबाईने धुतलं. दोन दिवसांनी जमादार आला, ओसरीवर बसला. दिनकररावांनी त्याला सांगितलं, मी परभणीला होतो. त्याने ते लिहून घेतलं, कमलबाईने केलेला चहा प्याला आणि गेला. घरातल्या बाईला काही विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. पुढे दिनकररावांनीच जिवाला धोका आहे म्हणून अर्ज केला आणि त्यांना पिस्तुलाचा परवाना मिळाला. जीव वैजीनाथचा गेला आणि धोका यांना. हे आठवलं की कमलबाईच्या हातून भाकरी करपायची, आणि त्यावरून बोलणीही तिनेच खायची.

तरी तिने शिवलं. सासऱ्यांचा जुना कसा ट्रंकेत होता. कापूस विकून आले की ते रुपये त्यात घालून अंगाशी बांधत. कापडाचा लांब पोकळ पट्टा, कमरेला वेढा घालायचा आणि त्याचं तोंड पोटावर नाडीने आवळायचं. त्याच बेताने तिने मांजरपाटाचा नवा कसा केला, दुहेरी, पिस्तुलाच्या जागी आतून शिवण घालून कप्पा केला. काम चोख झालं. डोक्यात राग असला म्हणून तिची टीप कधी वाकडी गेली नव्हती.

नाडीला तिने सुरगाठ मारली. एक टोक ओढलं की कशाचं तोंड मोकळं. दिनकररावांनी अंगणाला फेऱ्या मारल्या, उड्या मारून बघितलं. पिस्तूल हललं नाही. मग टोक ओढून ते उपसलं आणि कडब्याच्या गंजीवर रोखलं. पोळ्याला नवी झूल मिळाल्यासारखे खूश झाले. ही गाठ त्यांना स्वतःला मारता येत नव्हती, पोट आडवं येई. तेव्हा रोज तांबडं फुटायच्या आधी कमलबाईने त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसायचं, कसा बांधायचा, सुरगाठ मारायची आणि वरून स्वेटर ओढायचा, हा नेम पडला.

संक्रांत जवळ आली. एका संध्याकाळी दिनकरराव जेवता जेवता म्हणाले, “आता वाट बघायची न्हाई. उद्या मागून आला की वळतो अन बार काढतो. अंगावर आला म्हनून सांगीन.”

कमलबाईच्या हातात वाढायची पळी होती. ती तशीच राहिली.

“साक्षीला कोन?”

“साक्ष?” दिनकरराव हसले. “मागं कुठं लागली व्हती?”

इतक्या वर्षांत ते हे एवढं उघड पहिल्यांदाच बोलले होते, तेही वरणाचा भुरका मारता मारता. कमलबाईने वाढलं, ताट उचललं, भांडी घासली. राख घेऊन तिने ती इतकी घासली की बोटं चरचरायला लागली.

सकाळी तिने कशाची नाडी घंगाळात बुडवून काढली. ओलीच आवळली. त्यावर एक निरगाठ मारली, आणि तिच्यावर दुसरी. वर एक टोक सुरगाठीसारखं मोकळं सोडलं.

“आज गार का लागायलीय?” दिनकररावांनी विचारलं.

“नाडी धुतलीय. घामाचा वास मारायलता.”

ते गेले. ती चुलीपुढे बसली, पण जाळ लावला नाही. कान सडकेकडे होते. नाडी तुटली तर? आपण गोळ्याच का काढून घेतल्या नाहीत? तर त्या काढता येत नव्हत्या, म्हणून. नवऱ्याच्या पिस्तुलाचं तिला काही म्हणजे काही शिकवलेलं नव्हतं. तिला गाठी येत होत्या. एक एसटी गेली. कुठे काही वाजलं नाही.

उन्हं अंगणात उतरली तेव्हा चंद्रभान दिनकररावांना दंडाला धरून घेऊन आला. त्यांचा एक बूट गेला होता, स्वेटर छातीवर चढला होता आणि तोंड राखेसारखं झालं होतं. उजव्या हाताची दोन नखं फाटलेली. नाडी ओढून ओढून पोटात रुतली होती आणि पिस्तूल कप्प्यात होतं तसंच होतं.

“पाटील सडकेवर बसले व्हते, काकू,” चंद्रभान म्हणाला. “पोटाला धरून वढायलते. मला वाटलं छातीत कळ आली. हात दिला, मग बगितलं काय वढायलते ते.”

त्याने दिनकररावांना ओसरीला टेकवलं आणि हात आपल्या पँटीला पुसले. कमलबाईने तांब्या भरून आणला, त्याच्यापुढे धरला. त्याने तांब्याकडे बघितलं.

“न्हाई. ह्या घरचं पानी आईनं सोडलंय.”

तिने तांब्या खाली ठेवला. तिला राग आला, पण त्याचा नव्हे.

“रोज ह्यांच्या मागं का पळतो?”

“सडक एकच हाय, काकू.” पुढचं तो दिनकररावांकडे बघूनच बोलला. “पोलीस भरती निघालीय परभणीला. आई म्हनती, आदुगर भरती हो. मग बाबाची केस काढ.”

दिनकररावांनी मान खाली घातली होती. “ही गाठ सोड आदी,” ते पुटपुटले.

कमलबाई चंद्रभानकडे वळली. आवाज चढला नाही. ओसरीच्या खांबाकडे तिने बोट केलं.

“जमादार हितं बसला व्हता. ह्यांनी सांगितलं, परभणीला व्हतो. चहा मीच केलता. घरात कवा आले, मला ठावं व्हतं. धोतर मी धुतलंय. मला कुनी इचारलंच न्हाई आजवर.”

चंद्रभानने त्या खांबाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“भरती झाला की ये,” ती म्हणाली. “इचारायला ये.”

“कमल,” दिनकरराव म्हणाले. लग्नात उखाणा घेतला होता तेवढाच, त्यानंतर त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं.

चंद्रभान अंगणातून बाहेर पडला. दिनकररावांनी पोटावरची नाडी चाचपली आणि विळी आण म्हणाले, कापून टाक ती.

“नवी नाडी हाय. कापायची कशाला?” कमलबाई म्हणाली आणि त्यांच्यापुढे मांडी घालून बसली. ओली गाठ दगडासारखी झाली होती. तिने नखाने तिचा एक पदर शोधला.

सडकेवर पावलं वाजायला लागली, पळत्या पायांची. दिनकररावांचा हात पिस्तुलाच्या कप्प्याकडे गेला. कमलबाईने मान वर केली नाही. गाठ सुटायला वेळ लागणार होता, आणि तिला कसलीच घाई नव्हती.