चार फरश्या अलीकडे

मुलांनो, घटकाभर असं समजा, की तुमचे पाय तुमचं ऐकेनासे झालेत. तुम्ही म्हणता थांबा, तर ते पळतात. तुम्ही म्हणता चला, तर ते मागे फिरतात. घरात सगळे जिला भिंगरी म्हणत, तिचं चार दिवस अगदी असंच चाललं होतं.

तिच्या बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दिवसभर अखंड बडबडणारे बाबा आता एक शब्द न बोलता पडून होते. भिंगरी दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा तिने धूम ठोकली. आज भेटीची वेळ पाचला संपणार होती. उद्या बाबांना दूरच्या इस्पितळात हलवणार होते.

"एका जागी बूड टेकेल तर शपथ!" आत्या वैतागली आणि तिला इस्पितळातल्याच रंगांच्या खोलीत सोडून आली.

तिथल्या ताई मुलांना चित्रं काढू देत, नाचू देत. जे तोंडाने सांगता येत नाही, ते हातापायांनी सांगावं, असं त्यांचं म्हणणं. 'हे काय काढलंस?' असं मात्र त्या कधीच विचारत नसत.

"बसून काढायचं?" भिंगरी पाय हलवत म्हणाली.

"कोण म्हणालं? बुडव पाय!"

ताईंनी निळ्या रंगाची परात पुढे सरकवली, जमिनीवर लांब कागद अंथरला आणि डफ हातात घेतला. धप, धपधप. भिंगरी नाचली, पाय आपटले, गिरक्या घेतल्या. पण पावलं कागदाच्या टोकाला पोचली, की गर्रकन मागे फिरत. ताईंनी ते पाहिलं. टोकाला दुसरा कागद चिकटवला. मग तिसरा. कागद दाराबाहेर गेला, बाबांच्या खोलीकडे वळला.

"अहो ताई, फरशी आत्ताच पुसलीये!" सफाईच्या मावशी ओरडल्या.

"कागदावरच नाचतेय हो, मावशी."

"नाचा तुम्ही, निस्तरायला आहेच मी!"

भिंगरी खुदकन हसली आणि पुढे सरकली. बाबांच्या दाराच्या चार फरश्या अलीकडे ताईंचा कागद संपला. डफ थांबला. पाचला सात मिनिटं होती. भिंगरीचे पाय पुन्हा चुळबुळू लागले.

"ताई, कागद?"

"संपला गं. माझाच अंदाज चुकला. थांब, आतून आणते."

उघड्या दारातून पलंग दिसत होता. चादरीबाहेर आलेला बाबांच्या पायाचा अंगठा हलत होता. डफ केव्हाच थांबला होता, पण अंगठ्याने ताल सोडला नव्हता.

भिंगरी काही ताईंसाठी थांबली नाही. मावशींच्या लख्ख फरशीवर तिने एक निळं पाऊल टाकलं, मग दुसरं. चार फरश्या ओलांडून ती पलंगाशी जाऊन उभी राहिली, आणि त्या अंगठ्याकडे बघत तिने पाय आपटला. धप, धपधप.