टर्पेंटाइनचा वास

“आला! आला!” हॉलमधली साठ-सत्तर माणसं ओरडली. डोळे सगळ्यांचे मिटलेले, नाकं मात्र वर. मेलेल्या माणसाचा वास आणून दाखवणारे महाराज आज शिवणवालीच्या नवऱ्याला बोलावत होते. तो फर्निचरला पॉलिश करायचा; संध्याकाळी घरात आधी टर्पेंटाइनचा वास शिरायचा, मग तो. तोच वास आता हॉलभर पसरला होता.

आला नव्हता तो फक्त शिवणवालीला.

“मला नाही येत,” ती पुटपुटली.

“येईल कसा?” महाराज गरजले. “रुसलाय तो! म्हणतोय, औषधाच्या वासापायी मला लेकीजवळ जाता येत नाही. बंद कर सांगितलं होतं ना? चोरून देतेस!”

काल तिनं खरंच चोरून दिलं होतं. यांना कसं कळलं? औषध द्यावं तर नवरा कोपणार, न द्यावं तर सहा वर्षांच्या पोरीला आकडी येणार. इकडे आड, तिकडे विहीर. बाटली आत्ता बादलीत ओत, असा हुकूम सुटला. तिनं पिशवीतून बाटली काढून बूच उघडलं.

“थांब!” शेजारी बसलेल्या, लेकीच्या शाळेतल्या बाईंनी तिचा हात धरला. “सर्दी झालीय का गं तुला?”

“दोन दिवस नाक चोंदलंय. त्याचं काय?”

“डोळा दुरून बघतो, कान दुरून ऐकतो, नाकाला मात्र वस्तूनं स्वतः येऊन भिडावं लागतं. बौद्ध पंडितांनी केव्हाच लिहून ठेवलंय. नाक, गंध आणि भान, तिघं भेटले तरच वास. सर्दीनं अडतो तो आत्मा कसला? वारा कुठून येतोय ते बघा!”

माना महाराजांमागच्या पंख्याकडे वळल्या. “हात लावाल तर भस्म व्हाल!” महाराज किंचाळले. बाईंनी पंखा बंद केला आणि जाळीमागून टर्पेंटाइननं निथळणारं फडकं ओढून काढलं. भस्म कोणी झालं नाही.

“पण चोरून दिलेलं यांना कसं कळलं?” शिवणवालीनं विचारलं.

“कुठली आई देणार नाही? अंदाज तो! कुणी डोळे मिटायला सांगितले ना, की आधी ते नीट उघडत जा.”

घरी लेकीनं चमचा बघून विचारलं, “आई, बाबा रागावतील ना?”

“आधी तुला मांडीवर घेऊन हे कोण पाजायचं?”

“बाबाच.”

हे तिला तिथं, त्या हॉलमध्येच आठवायला हवं होतं.