सूचनेतले तारे

ऑफिसच्या सूचना टाइप करणाऱ्या आम्ही तिघी, आणि तिघींच्या सूचना एकाच ई-मेल पत्त्यावरून जातात. बाकीच्या दोघी कोरडं लिहितात. मला मात्र सजवायची हौस. चिन्हांचा तक्ता उघडायचा. तारे, फुलं, बाण उचलून ओळीच्या दोन्ही टोकांना लावायचे. दिसायला कशी झक्क दिसते सूचना!

माझा थोरला भाऊ इथेच चौकशीच्या खिडकीवर उमेदवारीवर लागला. दादाची दृष्टी गेली आहे. पडद्यावरचं सगळं संगणक त्याच्या कानात वाचून दाखवतो. त्याला कायम करायचं की नाही हे ठरवायला आज सकाळी साहेब खिडकीपाशी उभे राहिले.

"आजची सूचना काय आहे, सांगा बघू. आवाज मोठा करा, आम्हालाही ऐकू दे."

दादानं कळ दाबली. "काळा तारा, काळा तारा, काळा तारा, उजवीकडे दाखवणारं बोट, पांढरं फूल, पांढरं फूल..."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. दुपारी खिडकी बंद, एवढीच तर सूचना. ती यायच्या आतच साहेबांचा धीर सुटला. "हे असं असेल तर अवघड आहे," ते म्हणाले.

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. तेव्हा मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

"माझंच बोट चुकलं, साहेब," दादा म्हणाला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी उठले नाही.

जेवायच्या सुट्टीत त्याला विचारलं, "इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तारे आले की कळतं, आमच्या बाईसाहेबांचा हात आहे. मग सगळे ऐकतो. बरं वाटतं."

डबा तसाच झाकला. जागेवर जाऊन त्याच पत्त्यावरून साहेबांना लिहिलं, दादालाही पाठवलं: सकाळची चूक खिडकीवरच्या उमेदवारांची नव्हती, माझ्या चिन्हांची होती, साधी सूचना देऊन त्यांना पुन्हा संधी द्या. खाली नाव घालायला काही हात धजला नाही.

साहेबांनी साधी सूचना दिली. दादानं ती घडाघडा सांगितली आणि कायम झाला.

संध्याकाळी घरी जाताना त्यानं माझा खांदा धरला. "पत्रात एकही तारा नव्हता. म्हणजे तुझ्या शेजारच्या दोघींपैकीच कोणीतरी. तुझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली बिचारीनं. उद्या शोधून काढ आणि आभार मान तिचे."

"हो," मी म्हणाले.